पुन्हाबाईंची धून

आमच्या वन्संना त्यांच्या क्लासातली मुलं पाठीमागे पुन्हाबाई म्हणायची. मुलानं कीबोर्डवरून बोटं उचलली रे उचलली की वन्सं म्हणायच्या, "पुन्हा." चुकलं तरी पुन्हा आणि बरोबर आलं तरी पुन्हा, कारण एकदा बरोबर आलेलं नशिबानंही आलेलं असू शकतं. हा स्वभाव काही वाजवण्यापुरता नव्हता. गॅस बंद केला की त्या परत येऊन बघतात. कुलूप लावलं की ओढून बघतात. आणि जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेल्यावर मला फोन करतात, "वहिनी, मी दार ओढून बघितलं होतं ना?" मी तेव्हा घरातच असते.

"काळजीचं कंत्राट हिनं घेतलंय," आमचे हे म्हणतात. हे त्यांचे थोरले भाऊ. "आपण बाकीच्यांनी निवांत राहावं."

मुलं फोनवरून वाजवायला शिकू लागली, मग शिकेनाशीच झाली आणि क्लास बंद पडला. वन्सं आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. बरोबर कीबोर्ड, दोन स्पीकर आणि एक कॉम्प्युटर. मला वाटलं होतं, आता या दिवसभर कुलपंच ओढतील. पण एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीनं त्यांना वेगळंच काम मिळालं. छोट्या छोट्या व्हिडिओ गेमना त्या संगीत करून देऊ लागल्या.

ते काम मी शेजारी बसून पाहिलंय. एक एआयचं यंत्र असतं, म्हणजे कॉम्प्युटरमध्येच. त्याला शब्दांत सांगायचं, ते धून करून देतं. बाकीचे लोक म्हणे नुसतं 'उदास, हळू, पियानो' असं लिहितात. वन्सं लिहायच्या, 'कुणीतरी येणार होतं, आलं नाही, तरी दिवा चालू ठेवलाय.' यंत्र काहीतरी वाजवायचं. वन्सं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." मग त्यातला एखादा तुकडा ठेवायचा, बाकीचं फेकायचं, कुठे स्वतः चार सूर वाजवून मध्ये घालायचे आणि शेवटी शेपूट तोंडाला जोडायचं. गेम खेळणारा माणूस एकाच खोलीत कितीही वेळ रेंगाळतो ना, म्हणून धून संपून चालत नाही. ती गोल फिरत राहिली पाहिजे आणि सांधा कळता कामा नये.

सांधा तपासायची त्यांची रीत आमच्या घरातच निघाली. सासूबाई मागच्या खोलीच्या दाराशी वाटाणे सोलत बसत आणि वन्सं धून लावून ठेवत. सासूबाईंचा हात जिथे थबकेल तिथे सांधा उघडा पडला असं समजायचं. सासूबाईंना याचा पत्ता नव्हता. त्या फक्त म्हणायच्या, "तुझा बाजावाला आज अडखळतोय गं." त्या वर्षी आम्ही वाटाण्याची उसळ जरा जास्तच खाल्ली.

मी सांगतेय ती गोष्ट एका गेमची. तो बनवणारा माणूस एकटाच होता. विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून तीन वर्षं घरी बसून त्यानं तो केला होता. सासूबाई त्याला खेळवाला म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. हरवलेल्या सामानाचं ऑफिस, तिथला कारकून म्हणजे आपण, आणि बॅगांमधल्या वस्तू पाहून मालक शोधायचा, असा तो खेळ. खिडकीवर कुणीच येत नाही तेव्हा वाजायची धून वन्संनी केली होती. ती खेळवाल्याला इतकी आवडली की त्यानं तीच सुरुवातीला लावली. वन्संनी त्याला लिहून दिलं होतं, 'ही धून नवी आहे, दुसऱ्या कुणाची नाही.' त्याच्या भरवशावर त्यानं गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाला तसंच कळवलं होतं. शुक्रवारी गेम बाहेर पडायचा होता.

सोमवारी दुपारी वन्सं शेवटचं म्हणून धून ऐकत होत्या. सासूबाई दाराशी वाटाणे सोलत होत्या आणि गुणगुणत होत्या. धून मध्येच थांबवून वन्संनी फोन घेतला. सासूबाई थांबल्या नाहीत. पुढची ओळ त्यांनी आपली आपण पुरी केली.

"आई, तुला पुढचं कसं माहीत?"

"माहीत असायला काय झालं? जुनंच आहे की हे."

"जुनं म्हणजे कुठलं?"

"असेल रेडिओवरचं. सगळंच कुठे लक्षात राहतं?"

वन्संच्या तोंडचं पाणी पळालं. मला आधी कळेना की यात घाबरण्यासारखं काय आहे. मग त्यांनी सांगितलं. यंत्र काही स्वतःच्या पोटातून सूर काढत नाही. जगभरची गाणी ऐकवून त्याला शिकवलेलं असतं. त्यानं एखाद्याचं गाणं जसंच्या तसं उचलून दिलं असलं तर? मूळ मालकानं तक्रार केली की दुकान गेम काढून टाकणार. "वहिनी, त्याची तीन वर्षं गं. आणि लिहून मी दिलंय."

त्यांनी फोनला धून ऐकवली. गाणं ओळखणाऱ्या सोयी असतात त्यात. काही सापडलं नाही.

"झालं तर मग," हे म्हणाले.

"यंत्राच्या चोरीची चौकशी यंत्राकडेच करायची?" वन्सं म्हणाल्या. "उद्या म्हणशील, चोरालाच विचार."

मंगळवारी त्या फोन हातात घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. येईल जाईल त्याला थांबवून ऐकवायच्या. समोरच्या घरातले निवृत्त हेडक्लार्क काका डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "ऐकलंय. नक्की ऐकलंय. शाळेत प्रार्थनेआधी वाजायचं का हे?" तळमजल्यावरचा लाँड्रीवाला म्हणाला, "साबणाची जाहिरात होती ना, ताई?" वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना ते एका जुन्या सिनेमातलं वाटलं. सिनेमा आठवेना. प्रत्येकानं ऐकलेलं होतं आणि प्रत्येकानं वेगळ्याच ठिकाणी. वन्सं संध्याकाळपर्यंत जुन्या जाहिराती धुंडाळत बसल्या. जेवायला आल्या तेव्हा हात नुसताच ताटात फिरत होता.

"अगं, चार घास खा," सासूबाई म्हणाल्या. "गाणं आवडलं म्हणून लोक म्हणतात तसं."

"आई, तू आता गुणगुणू नकोस."

बुधवारी खेळवाल्याचा फोन आला. त्यांनी त्याला भीती सांगितली. तो म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल तर काढतो. पण सुरुवात तिच्यावरच बेतलीय, सगळी पुन्हा करावी लागेल. शुक्रवार जाईल. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा." चिडला असता तर बरं झालं असतं, असं वन्सं नंतर म्हणाल्या. त्याचा आवाज अगदी मऊ होता.

गुरुवारी सकाळी मी भांडी विसळत होते. आमच्या इमारतीच्या मधोमध हवेसाठी डक्ट सोडलाय. सगळ्यांच्या मोऱ्यांचे पाइप त्यातून खाली उतरतात आणि सगळ्यांची भांडणंही. खालून शीळ ऐकू आली. लाँड्रीवाला इस्त्री करता करता ती धून वाजवत होता. मंगळवारी एकदाच ऐकलेली धून याला इतकी पाठ कशी, असं मनात आलं आणि मी नळ बंद केला.

मला सुरांतलं फारसं कळत नाही. पण त्याची शीळ शेवटी खाली उतरून बसली, एवढं मला कळलं. आणि वन्संची धून शेवटी वर जाते. खिडकीवर कुणी आलंय का, असं मान उंचावून बघितल्यासारखी. पूर्वी ती खालीच उतरायची. मग खेळवाला म्हणाला होता की असं वाटतं घरात कुणी गेलंय, तेव्हा वन्संनी तो शेवट कापून नवा लावला. त्याला महिना झाला असेल, आणि त्यानंतर ती मोठ्यानं लागली ती मोजून दोन-चारदाच.

ओल्या हातांनीच मी मागच्या खोलीत गेले. "वन्सं, आईंना म्हणायला सांगा. शेवटपर्यंत."

"आता कशाला परत?"

"सांगा तर."

सासूबाईंना हुकूम केलेला आवडत नाही, पण गा म्हटलं तर आवडतं. त्यांनी पदर नीट केला आणि गुणगुणल्या. शेवटी सूर खाली उतरला.

"पुन्हा," वन्सं म्हणाल्या.

पुन्हाही उतरला. मग वन्संनी समोरच्या काकांची बेल वाजवली. काका दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच, दारात उभं राहून त्यांनी म्हणून दाखवलं. उतरला.

"काका, तुमची मोरी डक्टकडेच आहे ना?"

"हो. का? गळतेय का पुन्हा?"

वन्सं तिथेच चपलांच्या स्टँडवर टेकल्या. मागच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते. गेले कित्येक महिने उकाड्यामुळे ती सताड उघडी होती आणि धून गोल गोल फिरत होती. काकांच्या दाढीत, डॉक्टरीणबाईंच्या आंघोळीत, इस्त्रीच्या वाफेत. सासूबाई तर रोजच्याच श्रोत्या. बाहेरच्या जगात जो शेवट खेळवाल्याखेरीज कुणीच ऐकलेला नव्हता, वन्संनी कापून फेकलेला, तोच सगळ्यांच्या तोंडी होता.

"म्हणजे हे सगळे माझंच ऐकून मला सांगत होते," वन्सं म्हणाल्या. त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. काकांना काही कळलं नाही. साबण सुकायच्या आधी ते घरात गेले.

मला वाटलं, संपलं. पण त्या पुन्हाबाई. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा परत ओढला गेला.

"वहिनी, लोकांनी कुठून ऐकलं ते कळलं. यंत्रानं कुठून आणलं ते कुठे कळलं?"

"ते कसं कळणार?"

"नाहीच कळणार. म्हणजे मी लिहून दिलं ते चुकलंच. जे मला ठाऊक नाही ते मी ठाऊक आहे म्हणून लिहिलं."

संध्याकाळी त्यांनी खेळवाल्याला फोन केला. मी चहा घेऊन दारात उभी होते. "धून राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण 'दुसऱ्या कुणाची नाही' हे मी मागे घेते. यंत्राकडून करून घेतली, मी कापली-जोडली, काही सूर माझे आहेत. शोधलं तेवढ्यात कुठे सापडली नाही. एवढंच लिहा दुकानाला. आणि उद्या कुणी आलंच विचारायला तर माझं नाव सांगा." पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. वन्सं "हो, हो" म्हणत होत्या आणि दुसऱ्या हातानं फोनच्या चार्जरची वायर नीट बसलीय ना म्हणून ओढून बघत होत्या.

गेम शुक्रवारी बाहेर पडला. बरा चालला, खेळवाल्याला दुसरा करायचा धीर आला. तक्रार अजून आलेली नाही. फोन वाजला की वन्संचा हात आधी छातीशी जातो आणि मग फोनकडे, हे मात्र अजून तसंच आहे.

परवा दुपारी सासूबाई वाटाण्यांची परात घेऊन मागे गेल्या, तर दार लावलेलं. खिडकीही बंद, फटीत टॉवेल कोंबलेला. आत वन्सं कानांवर हेडफोन लावून घामानं निथळत बसल्या होत्या.

"आज वाजवत नाहीस का गं? मला त्याशिवाय सोलवत नाही."

वन्संनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आई, ही तू ऐकायची नाहीस. झाली की सगळ्यात आधी तुलाच विचारणार आहे, ओळखीची वाटते का म्हणून. तोवर तुला कोरी ठेवायचीय."

"या वयात," सासूबाई म्हणाल्या आणि परात घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात आल्या. थोड्या वेळानं त्या जुनीच धून गुणगुणू लागल्या, खाली उतरणारी. मागच्या खोलीत ऐकू जायला नको म्हणून मी उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.