भीमाशंकरच्या रानातली हाक

वहिनी गेल्याचा सांगावा घेऊन गावाहून दादाचा गडी गोमा कल्याणला आला, तेव्हा मी दारात तांदूळ पाखडत बसले होते. आल्या आल्या पाणी प्याला, गाडीला गर्दी फार होती म्हणाला, यंदा आंब्याला मोहोर बरा हाय म्हणाला... आणि मग टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाय, वैनी गेल्या. दादांनी तुमाला बोलावलंय." सुपातले तांदूळ तसेच राहिले. गावी पोहोचले तर ओटीवर जमलेल्या बायकांचं एकच चाललेलं, हळदीकुंकवाने गेली, नवऱ्याच्या आधी गेली, भाग्याची बाई. मला त्यांचा असा राग आला! माणूस गेलं त्याचं काही नाही आणि भाग्याच्या गोष्टी. पण खरं सांगायचं तर वहिनी स्वतः तिथे बसली असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, आणि वर सुटकेचा निःश्वास टाकला असता. का, ते मला एकटीला ठाऊक आहे. महिना उलटून गेला तरी तेच मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

वहिनी खालापूरकडची. लग्न होऊन आमच्या कशेळ्याजवळच्या गावी आली तेव्हा माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे नणंदेचा तोरा मिरवायला मला फार कष्ट पडले. तिला चिडवायचा माझ्याकडे एकच हुकमी उपाय होता, दादाचं नाव. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्यात मानतात. उखाण्यात घालून घ्यायची तेवढी मोकळीक. वहिनी उखाण्याच्या पहिल्या ओळी खणखणीत म्हणायची आणि नाव आलं की तोंड पदरात. मी दार अडवून उभी. "ऐकू नाय आलं वैनी, पुन्हा घ्या." "वन्सं, वाट सोडा ना, भात करपंल." भात करपायचा, पण 'यशवंत' एवढी चार अक्षरं काही बाहेर पडायची नाहीत. दारात आलेल्या परक्या माणसाने धन्याचं नाव विचारलं, तर ती माझ्याकडे बोट दाखवून आत पळायची.

आणि दादा रातांधळा. दिवसा समोरच्या डोंगरावर चरणारं जनावर कुणाचं ते सांगेल, पण दिवेलागण झाली की त्याला स्वतःचा हात दिसायचा नाही. गावात हे सगळ्यांना माहीत, पण बोलायचं कुणी नाही, कारण दादाला ते खपत नसे. तिन्हीसांजेला वहिनी कंदील घेऊन खळ्यापर्यंत जायची आणि येताना काहीबाही बोलत पुढे चालायची. कालवणात मीठ जास्त झालंय, तांबडी गाय लाथा मारते, शेजारणीने सूप परत दिलं नाही... दादा त्या आवाजामागून घरी. "आमची बायको लई बडबडी," असं तो लोकांना सांगायचा आणि लोकही मान डोलवायचे.

जर्मनीची पहिली लढाई चालली होती तेव्हाची गोष्ट. मी माहेरपणाला आले होते. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, लग्नं आटोपली होती, पावसाला अवकाश होता. आमच्याकडच्या माणसाचे हात रिकामे असतात ते तेवढेच, म्हणून ऐन वैशाखात भीमाशंकरला जायचं ठरलं. बारा ज्योतिर्लिंगांतलं एक आपल्या डोक्यावर बसलंय आणि आपण खालूनच हात जोडतोय, हे वहिनीच्या मनाला फार लागून होतं. खांडसपर्यंत बैलगाडी, पुढे पायी. दादाला शिडीच्या अवघड वाटेने चढायचं होतं. "तुमी जावा, मी हितंच बसते," एवढं म्हणून वहिनीने त्याचा हट्ट मोडला आणि आम्ही गणपती घाटाने निघालो. आम्ही तिघं आणि वाट दाखवायला खांडसच्या वाडीवरचा एक म्हातारा ठाकर. ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसत होता. वहिनीने वाटेत करवंदं तोडून ओचा भरला, तिघांचे ओठ काळे झाले. माथ्यावर रान लागलं तसा एकाएकी गारवा आला आणि आम्ही अगदी शहाण्यासारखे हळूहळू चालायला लागलो.

दादाची खोड अशी, की ओळखीचं माणूस भेटलं की त्याचे पाय रोवले जायचे. तिथे वहिनीच्या माहेरचा कुणी भेटला आणि बैलांच्या गोष्टी निघाल्या. "तुमी व्हा फुडं, आलोच," म्हणाला. आम्ही पुढे झालो. बऱ्याच वेळाने तो माहेरचा माणूस आला, पण एकटाच. "पावनं मागंच ऱ्हायलं की, जरा दम खातो म्हनले." वहिनीने वर पाहिलं. बाहेर उजेड असतो तेव्हाच त्या दाट रानात सांज झालेली असते, हे आम्हा खालच्या लोकांना कुठलं ठाऊक! आणि वाटेच्या एका अंगाला सरळ कडा.

वहिनी मागे धावत सुटली. "अवो! अवो ऽऽ!" चहूबाजूंनी उत्तरं आली, "काय गं?" "हितं हाय गं!" सोमवार धरून आलेली ती सगळी यात्रा, आणि त्यातला प्रत्येक पुरुष कुणाचा ना कुणाचा 'अवो'. मी 'दादा' म्हणून ओरडले, तर त्याहून जास्त जणांनी ओ दिली. एरवी हसून हसून पुरेवाट झाली असती. म्हातारा ठाकर करवादला, "नाव घ्या की बाय! अवो म्हनून कोन वळखंल?" मी तोंड उघडलं, पण त्याआधीच शेजारून हाक आली.

"यशवंता ऽऽ!"

उखाणा नाही, मागेपुढे 'राव' नाही, नुसतं नाव. मी वळून पाहिलं. तिच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. "यशवंता! हलू नका! हाय तितंच बसा!" नावाला मान नाही, पण क्रियापदाला आहे, असं ते ओरडणं. उत्तर येईना. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. तिचा आवाज चिरकला, मग फुटला, तरी ती थांबेना. शेवटी अगदी जवळून, वाटेच्या जरा खालून, "ओ..." आली. दादा एका झाडाच्या बुंध्याला धरून बसला होता. वहिनीने त्याचा हात धरला आणि लगेच बोलायला लागली, भाकऱ्या वाळल्या असतील, चटणी तेवढी बरी राहिली असेल... आवाज कापत होता, पण बोलणं देवळापर्यंत तुटलं नाही.

रात्री पुजाऱ्याच्या पडवीत निजलो तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "वन्सं, मी नाव घेतलं. एकदा नाय, कितींदा घेतलं. त्यांचं आयुष्य कमी हुईल का वो?" मी म्हटलं, काही होत नाही. "तुमचं काय जातंय म्हनायला," म्हणाली आणि कुशीवर वळली.

सकाळी दर्शन झालं. वसईच्या किल्ल्यातून पेशवाईत आणलेली ती मोठी घंटा पाहायला लोक गर्दी करत होते, वहिनीने तिच्याकडे पाहिलंदेखील नाही. तीर्थाला गेलं की आवडीची एक वस्तू देवाला सोडून यायची आमच्याकडे रीत आहे. लोक शहाणे असतात, कारलं सोडतात, दुधी सोडतात. वहिनीने आंबा सोडला. रायवळ आंबा म्हणजे तिचा जीव की प्राण, कोपरापर्यंत रस ओघळला तरी तिला भान नसायचं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "कशापायी ते त्यांना सांगू नका. मी हाय तवर तरी नाय."

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मानमोडीच्या तापाची साथ आली आणि दादा अंथरुणाला खिळला, तशी मी धावत माहेरी आले. घराघरांतून माणसं उचलली जात होती. वहिनी त्याच्या पायाशी बसून असायची आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायची की मला तिच्याकडे बघवत नसे. दादा उठला. पण त्यानंतर त्याला साधी शिंक आली तरी तिचा चेहरा उतरायचा. दर उन्हाळ्यात आढीतले आंबे ती निवडायची, आटवून साठं घालायची, पोराबाळांना रस वाढायची आणि स्वतः ताकभात खायची. "दिवानी! देवानं कारलं बी घेतलं असतं की गं," दादा चेष्टा करायचा. ती हसायची. तेवीसएक उन्हाळे असे गेले असतील.

पौषात तिला भेटायला गेले ती शेवटची. हाडं तेवढी उरली होती, पण चेहरा लग्नातल्यासारखा टवटवीत. मला जवळ ओढून म्हणाली, "वन्सं, मी फुडं चालले, ते मागं हायेत. म्हंजे माजा आंबा देवानं घेतला म्हनायचा." आणि चक्क हसली. मला रडू आवरलं नाही.

तेरावा झाल्यावर एके दिवशी संध्याकाळी दादा आणि मी ओटीवर बसलो होतो. उजेड कमी होत होता. दादा आपण होऊन बोलला. "भीमाशंकरच्या रानात तिनं हाका मारल्या ना... पयली हाकच ऐकली व्हती मी. लांब नव्हतोच." मी चकित झाले. "मग ओ का नाही दिलीस?" तो जरा लाजला. "माजं नाव तिच्या तोंडून कसं वाटतं, ते ठावंच नव्हतं. म्हटलं, आनखी एकदा मारंल... मंग आनखी एकदा. बसलो गप." ती गेल्यापासून पहिल्यांदाच तो हसला. मग विचारलं, "घाबरली आसंल का गं ती, नाव घेताना?"

दिवा लावायचं निमित्त करून मी आत गेले.

दादा, हे छापून आलं की गावातलं कुणीतरी तुला दिवसाउजेडी वाचून दाखवेल. तिने घातलेली अट आता उरली नाही, तेव्हा सांगते. हो, घाबरली होती रे. एकेका हाकेनिशी तुझं आयुष्य तुटतंय असं तिला वाटत होतं, आणि आंबा तिने त्यासाठी सोडला. पण तू ओ देईपर्यंत तिने हाक मारायची थांबवली नाही.