देवाला कोरा चहा

आमच्या शिवेवरच्या देवाला दरवर्षी पेरणीआधी राखण देतात. कोंबडा कापायचा, दगडापुढे दारू ओतायची आणि घरातल्या थोरल्याने पहिला घोट घ्यायचा. मगच पंगत. थोरला मी. पण मी दारू सोडलेली. माझ्या डोक्यात एक माणूस बोलतो. कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, गोळ्यांनी दबेल, पण दारू घेतलीत तर तो डोक्यावर बसेल. दारू सोडताना काय हाल झाले ते माझं मला माहीत. एक घोट घेतला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

धाकटा भाऊ रसायनीला कंपनीत जातो. म्हणाला, "दादा, या वर्षी मान मी घेतो."

"मी मेलोय का रं?"

"मग पी."

"पिनार नाय आनि मानबी सोडनार नाय. देवालाच इचारा, कोरा चहा चालंल का."

लोक हसले. हसू देत. शाळा मी दुसरीत सोडली, हट्ट अजून सोडलेला नाही. शेवटी कौल लावला. दगडाला दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर चहा, डावं पडलं तर दारू. एकही पडेना. उन्हात सगळे ताटकळले, कोंबडासुद्धा माझ्याकडे रागाने बघायला लागला. तेवढ्यात डोक्यातला बोलला, "उजवं पडंल, पन तू दारूच पी."

मी ओरडलो, "गप रं, मुडद्या!"

आणि उजवं फूल पडलं.

सगळे गार. भाऊ म्हणाला, "देवाला शिवी दिलीस?"

"देवाला नाय रं. डोक्यातल्याला. उजवं पडंल म्हनत होता."

हे बोललो आणि फसलो. भावाने माझे पायच धरले. "दादा, मग तो देवच हाय!"

"आजार हाय तो."

"आजाराला कुठलं फूल पडंल ते कळतं व्हय?"

मी दगडापुढे चहा ओतला, तोवर माझ्यापुढे रांग लागली. एकाला म्हैस गाभण राहील का ते हवं, दुसऱ्याला कुंभिवलीला हायवेवर टपरी टाकायची. भाऊ म्हणाला, "गोळ्या बंद कर. देव दबला तर बोलनार कसा?"

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. मला येडा म्हणणारे हात जोडून उभे होते. आतला म्हणाला, "बघ केवढा मान! गोळी थुंकून टाक."

गर्दीतून वाट काढत बायको आली. हातावर दुपारची गोळी. "घेताय का देव होताय?"

मी गोळी जिभेवर ठेवली आणि सगळ्यांसमोर, थोरल्याच्या मानाने, वर देवाच्या चहाचा पहिला घोट घेतला.

"आनि माजी म्हैस?" मागून कोणीतरी विचारलं.

"गुरांच्या डॉक्टरला इचार."

पंगत बसली. भाऊ माझ्याशेजारी बसला नाही. घरात आलेला देव दादाने गिळून टाकला, असं तो अजून सांगत फिरतो.