चोरलेला श्वास

तिचा आवाज अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. एक, दोन, तीन... एका दमात चोवीसपर्यंत. पुसवत नाही.

तिला मी कधी पाहिलं नाही. आमच्या आजाराच्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात ती होती. यात स्नायूंची ताकद जाते. आधी पापण्या पडतात, मग घास गिळवत नाही, फारच बिघडलं तर श्वास पुरत नाही. म्हणून रोज सकाळी प्रत्येकानं एका दमात आकडे मोजून तो आवाज ग्रुपवर टाकायचा. आकडा घसरला की बाकीचे मागं लागतात, दवाखान्यात जा.

मी सातवीत शाळा सोडलेला, यवतमाळकडचा. बारामतीजवळ भवानीनगरला हॉटेलात कणीक मळायचो. हात गळायला लागले तरी मालकीणबाईंनी हाकललं नाही, बसून भाजी निवडायचं काम दिलं. माझी मोजणी हॉटेलाशेजारच्या तात्यांनी अंगावर घेतली. अंथुर्ण्याच्या खळ्यांवर धान्य मापण्यात त्यांचा जन्म गेलेला. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात.

“आमच्यात राहतूस तर लाभ म्हनायचं.”

“तात्या, मी काय ज्वारी आहे का?”

“ज्वारीला वजान तरी असतं. मोज गप.”

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या भावानं ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. आदल्या सकाळीच तिनं चोवीस मोजले होते, आणि सगळ्यांत आधी अंगठा मीच टाकला होता.

पुढं माझाही आकडा उतरायला लागला. बारामतीला भरती केलं तर काम जाईल, गावी धाडतील, तिथं कोण आहे माझं? म्हणून पंधरा झाले की मान वळवायचो, नाकानं हळूच श्वास घ्यायचो आणि तीसपर्यंत रेटायचो.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी हात वर केला.

“पंधरानंतर काय केलंस?”

“काही नाही.”

“मापात कुनी मारलं की मला न बघता कळतं. परत मोज. माझ्याकडं तोंड करून.”

तेराला आवाज संपला. तात्या एवढंच म्हणाले, “मालकीनबाई, गाडी सांगा.” बाईंनी भरलेल्या हॉटेलाचं शटर ओढलं आणि दोघं मला बारामतीला घेऊन गेले. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

बरं वाटल्यावर खाटेवर पडूनच मी तिची शेवटची मोजणी कानाला लावली. सोळा. मग बारीकशी फट. मग सतरा.

ती फट आता माझ्याइतकी कुणाला ओळखू येणार?

आता मी सगळ्यांची मोजणी दोनदा ऐकतो. आज नगरकडच्या एका बाईंनी अठ्ठावीस मोजलेत. लोकांचे अंगठे पडताहेत. मला एकोणिसानंतर काहीतरी ऐकू आलं. विचारलं, “ताई, एकोणिसानंतर काय झालं?” त्यांनी वाचलंय, उत्तर नाही.

मी फोन लावलाय. रिंग जातेय.