बाबांचा मेजर आणि हेर ब्रांटचं तळघर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी टकलावर चोळलेल्या तेलांची नावंसुद्धा सांगितली आहेत. घरात किस्से सांगणारा मीच. चार माणसं जेवायला जमली की माझ्या फजित्या निघतात. ही एक तेवढी मी दरवेळी गाळतो. जिला फजिती म्हणता येत नाही, ती. ज्यांना सांगायला हवी होती ते दोघेही आता नाहीत.

२०१३ चा उन्हाळा. बाबा जर्मनीत, कार्ल्सरूहेला आमच्याकडे आले होते. नगरपालिकेतले निवृत्त कारकून — आणि, आता सांगतोच, टोपणनावाने दरमहा एक हेरकथा लिहिणारे लेखक. पिवळट कागद, मुखपृष्ठावर पिस्तूल, विक्री एसटी स्टँडवर. त्यांचा मेजर सन दोन हजारातलं महायुद्ध रत्नागिरीच्या समुद्राखालून जिंकायचा. शाळेत पोरं मला ‘मेजरचा पोरगा’ म्हणायची. मी मान खाली घालायचो. का घालायचो?

आमच्या खालच्या मजल्यावर हेर ब्रांट राहायचे — इथलं ‘हेर’ म्हणजे आपलं ‘श्रीयुत’ — निवृत्त शिक्षक. त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, असल्याच मासिकांचे गठ्ठे. दर अंकात तोच नायक, शत्रूचे हेर, उद्याची युद्धं, आभाळभर विमानं. ही मासिकं अमेरिकेत कशी फोफावली, युद्धानंतर सैनिकांच्या सामानातून इकडे कशी आली, मग इथल्या किऑस्कवर जर्मन नायक कसे उभे राहिले — याचा ते इतिहास लिहीत होते. एका दुपारी त्यांनी आम्हा दोघांना खाली बोलावलं.

बाबा एकेक मुखपृष्ठ हातात घेत होते. चष्मा कपाळावर, ओठ हलताहेत — भाषा येत नसताना! ब्रांटनी मला जर्मनमध्ये विचारलं, तुमच्या भाषेत असं काही होतं का? वडिलांना विचारा ना, माझं शेवटचं प्रकरण तिथेच अडलंय.

आणि तेवढ्यात बाबाच म्हणाले, “अरे, त्यांना सांग ना — मीही हेच लिहायचो.”

“सांगतो,” म्हणालो.

एक वाक्य होतं. पण ब्रांटना मी आधीच ऐटीत सांगून ठेवलं होतं — वडील संतवाङ्मयाचे अभ्यासक आहेत म्हणून. मी जर्मनमध्ये म्हणालो: बाबा म्हणतात, आमच्याकडे असलं काही नव्हतं.

‘आख झो’ — असं होय — म्हणत ब्रांटनी मान डोलावली आणि ते केक आणायला वर गेले.

बाबा दाराकडे बघत राहिले. एवढं सांगूनही माणसाने एक प्रश्न विचारला नाही — असंच वाटलं असणार ना त्यांना? दुसरं काय वाटणार? जिना चढताना म्हणाले, “त्यांच्या मानाने आपलं फारच साधं रे. बरं झालं, त्यांनी पुढे विचारलं नाही.”

तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी त्यांचा हात धरला — जिना चढायला, म्हणून.

संध्याकाळी माझी मुलगी रोजच्यासारखी त्यांच्या मांडीवर चढली. आल्यापासून ते तिला मेजरची एकच लांबलचक मोहीम सांगत होते. ती मराठीत ऐकायची आणि जर्मनमध्ये घाई करायची. ‘उंट डान?’ — मग पुढे? — एवढं जर्मन बाबांना येऊ लागलं होतं.

“रिटायर झाला तो, बाळा,” ते म्हणाले, आणि त्यांनी ससा-कासवाची गोष्ट सुरू केली.

मी शेजारीच ताटं पुसत होतो. पुसत राहिलो.