पेलाहियाच्या स्वयंपाकघरातला साप

पेलाहिया हाव्रिलुक थकली होती, पण तिची जीभ थकली नव्हती. इनवूडच्या आसपास तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, आणि सून नेटीशी तर लग्नाच्या दिवसापासून तिचं हाडवैर. त्यात नेटीने साप पाळला.

कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या भागात सापांचं नवल कुणालाच नाही. पानगळ सुरू झाली की ते चुनखडीच्या भेगांकडे निघतात, आणि वाटेत घर लागलं तर तळघरात शिरतात. असाच एक पायऱ्यांवर दिसला तेव्हा पेलाहिया फावडं घेऊन धावली. नेटी आडवी आली. तिने साप उचलून नवऱ्यासमोर, ओरेस्टसमोर धरला.

"बघ, पाठीवर पिवळा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना लाल ठिपके. आणि बाजूचा पट्टा पोटाकडून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतल्या खवल्यांवर. माळावरच्या सापाचा एक ओळ वर असतो. ही आपली लाल पट्टेरीच. मादी आहे, चांगली मोठी."

तेवढ्यात सापाने तिच्या हातावर घाण सोडली. वास सगळ्या घरात पसरला.

"ठेव, ठेव," पेलाहिया म्हणाली. "शोभता दोघी एकमेकींना."

सापिणीचं नाव कलिना ठेवलं, लाल फळांच्या झुडपावरून. चुलीपासून जरा दूर काचेची पेटी आली. ओरेस्ट बागेतून गांडुळं खणून आणी, नेटी पाणी बदली. पेटीवरून जाताना पेलाहिया रोज न चुकता म्हणे, "मर एकदाची." सापाला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक होतं, सुनेला येत होतं.

पहिला हिवाळा कलिनाने उबेत, साठवलेल्या गांडुळांवर काढला. पुढच्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा नेटीने जाहीर केलं, "आता हिला काही द्यायचं नाही. पोट पूर्ण रिकामं झालं की बटाट्यांशेजारी थंड खोलीत ठेवायची. वसंतापर्यंत झोपेल."

"उपाशी?"

"उपाशीच. तुमचं काय जातंय, आई? तुम्हाला तर ती मेलेलीच हवी आहे."

कलिना काचेला नाक घासत फिरायची, जीभ आतबाहेर करायची. पेलाहिया खुर्ची फिरवून बसू लागली. तरी काचेवरचं ते घासणं तिच्या कानावर यायचंच, आणि ती मनातल्या मनात सुनेला शिव्या घालायची. लहानपणी, पलीकडे युक्रेनमध्ये, सरकारी माणसांनी घरातलं सगळं धान्य नेलं त्या वर्षी, तिने धाकट्या भावाला, पेट्रिकला, कुशीत घेऊन उपाशीच झोपवलं होतं. खायला मागतोय म्हणून ती त्याच्यावर ओरडली होती. सकाळी तो उठला नाही. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, मग मुलाला काय सांगणार.

सापाला थंड खोलीत ठेवायच्या दिवशी दुपारी नेटी आणि ओरेस्ट लाकडं आणायला गेले होते. पेलाहिया जेवणासाठी मासा साफ करत होती. तिने कच्च्या माशाच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि पेटीचं झाकण उघडलं. कलिनाने चिमट्यातून एकेक पट्टी ओढून घेतली. पोट फुगेस्तोवर पेलाहिया देत राहिली.

"गीळ, सटवे," ती म्हणाली. "या घरातून कुणी उपाशी झोपायला जायचं नाही."

अंधार पडल्यावर नेटीने कलिनाला डब्यात घालून तळघरातल्या थंड खोलीत ठेवलं; फुगलेलं पोट तिला दिसलं नाही. थंडी कडक पडली तशी एकदा नेटी बघायला खाली गेली आणि डबा घेऊन वर आली. कलिना मेली होती, पोट टम्म फुगलं होतं, दुर्गंधी येत होती.

"काय घातलंत तिला?" नेटीने विचारलं. "विष?"

"मासा. पोटभर."

"तुम्ही? तुम्ही तिला खाऊ घातलंत?"

"मग? तू उपाशी मारत होतीस. माझ्या डोळ्यांदेखत."

नेटीने डबा टेबलावर आपटला. "थंडीत तिला पचत नाही. मासा आतच सडला. उपाशी राहिली असती तर जगली असती, आई."

"खोटं बोलते ही," पेलाहियाने ओरेस्टकडे पाहिलं. "सांग हिला."

ओरेस्ट खाली बघत म्हणाला, "खरं आहे, आई. उपाशी असती तर वाचली असती."

पेलाहिया सुनेकडे वळली. सुनेला हाणायला शब्द शोधावे तशी तिची जीभ हलली.

"मग माझा पेट्रिक का गेला?" तिने विचारलं.

पेट्रिक कोण, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.