कडी कोण काढतं

लेकीला लातूरला नोकरी लागली, तेव्हा आमच्या घरी पेढ्यांच्या आधी भांडण झालं. भांडले मीच. पुण्याला लागली असती तर मी स्वतः तिची बॅग भरली असती, मुंबईला लागली असती तरी दोन दिवस डोळे पुसून गप्प बसले असते. पण लातूर न्हाई. दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम, राहायला भाड्याची एक खोली, आणि त्या खोलीत माझी पोरगी एकटी झोपणार, लातूरच्या जमिनीवर. मी सरळ सांगितलं, जमणार न्हाई.

आमचे हे पिठाची गिरणी चालवतात. अंगावरचं पीठ झटकत म्हणाले, "अगं, नांदेडहून लातूर ते काय लांब? सकाळी निघालं की जेवायला परत."

"लांबचं कोण बोलून राहिलं?" मी म्हटलं. ते समजले आणि गिरणीत गेले.

माझं माहेर निलंग्याच्या अलीकडं. भूकंपात जी गावं गेली त्यातलं एक. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तिथं घराखाली गेली. मी लहान होते, बापाशेजारी अंगणात झोपले होते म्हणून राहिले. लेकीला एवढंच ठाऊक होतं. त्यापलीकडचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, अगदी यांनासुद्धा न्हाई.

पोरगी माझ्यावरच गेलेली, हट्टी. तिला फोनवर भुताटकीच्या जागा बघायचा नाद. कुठल्या लॉजमध्ये कोण दिसतं, कुठल्या रेस्टहाऊसात कोण रडतं, सगळं तोंडपाठ. एक दिवस कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तू मला भित्री म्हणतेस ना? चल मग. हदगाव, चाकूर, निलंगा. तिन्हीकडं भुताचा लॉज आहे. आपण दोघी एकेक रात्र काढू. मी एकदा जरी घाबरले तर नोकरी सोडली. नाही घाबरले तर तू मला हसत लातूरला सोडायचं."

मी मनात म्हटलं, देवच पावला. ही बया मोरीत झुरळ दिसलं तर अख्खी गल्ली गोळा करते. ही काय भुताशेजारी झोपणार! पैज खिशात घातली असं समजून मी लगोलग दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. यांची जुनी गाडी घेतली, पोरगी चालवायला बसली आणि आम्ही निघालो.

हदगावचा लॉज कापसाच्या आडतीच्या वरच्या मजल्यावर होता. मॅनेजर म्हातारा. कोपऱ्यातली खोली मागितली तेव्हा त्यानं आमच्याकडं वरून खाली बघितलं. "तिथं रात्री कुणीतरी खोकतं बाई."

"कापसाच्या धुरळ्यानं जित्ती माणसं खोकून राहिली, मेलेल्याचं काय घेऊन बसलात," मी म्हटलं. पोरगी खूश होऊन हसली. मला ते हसणं काही आवडलं न्हाई, कारण ती घाबरायला हवी होती.

संध्याकाळी यांचा फोन. जेवलात का, गाडी नीट आहे का, आणि मग, "कडी नीट लावा हं."

"लॉजवर कडी लावल्याशिवाय झोपणारी मी दिसते का तुम्हाला?" मी फोन ठेवला. कडी मीच लावली, दोनदा ओढून बघितली.

सकाळी दार उघडं. नुसतं उघडं न्हाई, माझी एक चप्पल दाराच्या फटीत खोचलेली. मी आधी पर्स बघितली, मग गळ्यातलं चाचपलं, मग पोरीचे हातपाय. सगळं जागच्या जागी. पोरगी अंथरुणात उठून बसली होती आणि तिचे डोळे दिवाळीच्या पणत्यांसारखे चमकत होते. "आई! कडी कोणी काढली?"

मी तणतणत खाली गेले आणि म्हाताऱ्याला फैलावर घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "बाई, खोटं कशाला बोलू? आमचं भूत नुसतं खोकतं. कडी काढत न्हाई."

पोरगी दिवसभर गाडीत तेच वाक्य म्हणून हसत होती. मी पण हसले. पण हसताना काहीतरी टोचत होतं, चपलेत खडा राहावा तसं.

चाकूरला लॉज मंगल कार्यालयाच्या मागं. तिथल्या मालकिणीनं भुताची गोष्ट जेवण वाढताना एक सांगितली, भांडी उचलताना दुसरी. माझं लक्ष न्हाईच लागलं. संध्याकाळी फोन आला आणि पुन्हा तेच. "कडी लावा नीट. वरची, खालची, दोन्ही."

"तुम्हाला झालंय तरी काय? मी चोराच्या गावाला आले का?"

"तसं न्हाई गं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन्ही कड्या लावल्या. दाराला बॅग टेकवून ठेवली. उजाडलं तेव्हा बॅग बाजूला सरकवलेली होती, दोन्ही कड्या निघालेल्या, आणि फटीत माझी चप्पल. तीच, डाव्या पायाची.

मी खाली बसले. या खेपेला मला ती चप्पल ओळखू आली. भूकंपानंतर आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. कडी कुणीच लावायचं न्हाई. त्या पट्ट्यात अजून कितीतरी घरं अशी आहेत की रात्री कडी लावत न्हाईत. पण पत्र्याचं दार वाऱ्यानं आपोआप मिटायचं, म्हणून माझा बाप झोपायच्या आधी दारात चप्पल खोचायचा. शेजारी खोचायचे, त्यांच्या शेजारचे खोचायचे. सकाळी ओळीनं दारात चपला. नांदेडला लग्न होऊन आले आणि ही सवय सुटली, असं मला वाटत होतं.

हदगावच्या भुताला हे कसं माहीत? चाकूरच्या भुताला कुणी सांगितलं? हे भूत त्या लॉजचं नव्हतंच, आमच्या गावचं होतं. आणि ते माझ्या मागं मागं येत होतं. माझ्या मनात एकच नाव आलं आणि मी ते ओठांवर येऊ दिलं न्हाई.

"परत जाऊ," गाडीत बसल्यावर मी म्हटलं.

"घाबरलीस?" पोरीनं आरशातून बघितलं.

"मी कशाला घाबरू? चटणी संपली म्हणून म्हटलं."

"निलंग्याला मिळते चटणी."

उसाच्या ट्रॉल्या पुढं, आम्ही मागं. गाडी हळू चालली की मला वाटायचं पळव, पळवली की वाटायचं थांबव. खिडकी खाली केली, वर केली. दशमी हातात घेतली आणि परत गुंडाळून ठेवली. माझ्या गावचा फाटा आला तेव्हा मी उगाच पर्समध्ये रुमाल शोधत बसले. पोरीनं गाडी थांबवली न्हाई.

निलंग्याचा लॉज एसटी स्टँडजवळ. मॅनेजर दारातच हात जोडून उभा. "बर्री अक्का, बर्री!"

मी पायरीवरच थांबले. तिकडं कानडी बोलणारी माणसं लई, वाटेल त्या बाईला अक्का म्हणतात, मी लहानपणापासून ऐकलेलं. तरी मी मागं वळून बघितलं, कुणी उभं आहे का. पोरगी कोपरानं ढोसत म्हणाली, "आई, तुला बोलवून राहिलेत." मी आत गेले, पण त्याच्या जिन्याखाली कोण रडतं ते ऐकायला थांबले न्हाई.

"आज मी भुताला पकडतेच," म्हणत पोरीनं फोन चार्जिंगला लावला आणि टेबलावर दाराकडं तोंड करून ठेवला. मी जागी राहायचं ठरवलं होतं. गाडीत सगळा दिवस कातावून गेले होते, डोळा कधी लागला कळलं न्हाई.

सकाळी चहा आला. पोरगी चहा न पिता खिडकीत बसलेली. दाराच्या फटीत चप्पल होतीच.

"दिसलं का भूत?"

"दिसलं."

"दाखव की मग."

"नको आई."

मी फोन हिसकावून घेतला. अंधारातलं चित्र, दार, पलंगाचा पाय. बराच वेळ काही न्हाई. मग गाऊनमधली एक बाई उठते, केस सुटलेले. दारापाशी जाते आणि दाराला कान लावून उभी राहते. मग कडी काढते. घाई न्हाई, आवाज न्हाई. दार उघडून हातानं धरून ठेवते, कुणाला तरी बाहेर यायला वाट द्यावी तसं. लई वेळ धरून ठेवते. मग एका पायातली चप्पल काढून फटीत खोचते आणि येऊन झोपते.

मीच ती. माझाच गाऊन, माझीच उजवीकडं झुकलेली चाल.

मग मी पोरीला सगळं सांगितलं. भूकंपाच्या आधी कितीतरी महिने छोटे धक्के बसायचे. लोक बाहेर झोपून झोपून बेजार झाले आणि हळूहळू घरात परतले. त्या रात्री गणपती बोळवून सगळे थकून आले होते. आई आणि अक्का आत झोपल्या, अक्कानं आतून कडी लावली. बाप आणि मी अंगणात. जमीन हलली, चौकट तिरकी झाली आणि कडी अडकली. अक्का आतून कडी हलवत होती. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. बाप दाराला धडका देत होता. तेवढ्यात दगडाची भिंत बसली. आईला काढलं. अक्काला काढलं तोवर उशीर झाला होता.

"कडी वाजत होती गं," मी म्हटलं. "बराच वेळ वाजत होती." आणि मी रडले, त्या लॉजच्या मळक्या चादरीवर, एवढ्या वर्षांचं.

मग रडणं थांबलं आणि राग आला. यांना फोन लावला. "तुम्हाला माहीत होतं?"

पलीकडं गिरणीचा पट्टा फिरत होता. तो बंद केल्याचा आवाज आला. "हाव."

"कधीपासून?"

"लग्नापासून. तू काढतेस, मी उठून लावतो."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर तुझी झोप उडाली असती. माझी काय, मी परत झोपतो."

मला त्यांना लई बोलायचं होतं. चहा घेतला का, एवढंच विचारलं. एवढी वर्षं हा माणूस दिवसभर गिरणीवर उभा राहतो, त्यावर मध्येच उठून कडी लावतो, आणि मी त्याला घोरतो म्हणून बोलते.

फोन ठेवला तर पोरगी समोर उभी. डोळे लाल. "आई, मी नाही जात लातूरला. नांदेडलाच बघते काहीतरी."

घ्या! पैज मी जिंकले होते. हेच ऐकायला मी घरातून निघाले होते. आणि ऐकलं तेव्हा काळजात कळ आली. एका कडीपायी मी माझी झोप घालवली, नवऱ्याची घालवली, आणि आता पोरीची नोकरी घालवायला निघाले होते.

"गाडी काढ," मी ओरडले.

"कुठं?"

"लातूरला. कुठं म्हणजे?"

लातूरची खोली दुसऱ्या मजल्यावर. खाली घरमालकीण, वर ऊन, समोर कोचिंगला जाणाऱ्या पोरींच्या सायकली. मी पाणी बघितलं न्हाई, खिडकी बघितली न्हाई, आधी कडी बघितली. गंजलेली, ओढली की अडत होती. पर्समधली खोबरेल तेलाची बाटली काढली, बोटानं तेल लावलं, मागं पुढं, मागं पुढं, सरळ सरकेपर्यंत. मग मी बाहेर जाऊन उभी राहिले.

"लाव कडी."

"आई, तू गेल्यावर लावते ना."

"लाव म्हणते ना!"

कडी लागली. मी भिंत धरली. "आता काढ."

निघाली. पोरीनं डोकं बाहेर काढलं.

"परत लाव. परत काढ." घरमालकीण जिन्यातून मान वर करून बघायला लागली. बघू दे. मी पोरीकडून कितीतरी वेळा लावून काढून घेतली. एकदाही अडकली न्हाई.

"आता लाव," मी म्हटलं, "आणि मी उतरेपर्यंत काढू नकोस."

पोरीला हसत सोडायचं ठरलं होतं, तेवढं काही मला जमलं न्हाई. कडी लागल्याचा आवाज आला. मी दाराला कान लावून उभी राहिले. आतून पोरीच्या चपलांचा आवाज आला, मग बॅगेची चेन, मग नळ. मी जिना उतरले.