स्वयंपाकघरासह घर भाड्याने

इटलीच्या किनाऱ्यावरच्या मरीना दी स्काल्वोत स्वस्तातली जागा शोधणाऱ्या लोकांची एक तऱ्हा असते. फोन लावायचा आणि नमस्काराच्याही आधी विचारायचं, "माणशी किती?" फोन घेणाऱ्या स्वयंपाकीण कोन्सिलियाला या प्रश्नाचं सरळ उत्तर कधी देताच आलं नाही. ती सांगायची, "शुक्रवारी मासळी असते. पोटात चीज भरून तळलेली. रविवारी हाताने वळलेला फुसिल्ली पास्ता. कुणी म्हातारं असेल तर त्याच्यापुरतं मऊ सूप वेगळं करते." पलीकडचा माणूस ऐकून घ्यायचा आणि "कळवतो हं" म्हणायचा. कळवत कुणीच नसे.

घर नन्सचं, सुट्टीवर येणाऱ्या मंडळांना भाड्याने दिलं जाणारं. चव्वेचाळीस खाटा, एक लांबलचक जेवणघर, आणि त्याला लागून स्वयंपाकघर. कोन्सिलिया विसाव्या वर्षी तिथे बटाटे सोलायला म्हणून आली आणि अडुसष्टाव्या वर्षीही तिथेच होती. मधल्या काळात डोंगरापलीकडच्या, नदीपलीकडच्या गावांतली मंडळं, चर्चची गायकमंडळी, म्हाताऱ्यांचे क्लब बसगाड्या भरभरून यायचे. कारण सगळ्या किनाऱ्यावर एवढ्या माणसांना एका छपराखाली घेणारं आणि खिशाला परवडणारं दुसरं घर नव्हतं. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "चाळीस माणसांचा संसार आहे की माझा. आणखी एक कशाला हवा?"

आता हे चाळीस उन्हाळ्यातले. हिवाळ्यात दोन नन्स आणि ती, अशी तिघींची पानं मांडली जात. मग एक नन वारली आणि दुसरी, सिस्टर प्लाचिदा, चालता येईना म्हणून मठाच्या मोठ्या घरी गेली. घर फादर जेरार्दोंच्या देखरेखीखाली आलं. त्या हिवाळ्यात कोन्सिलिया समोरच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत पहिल्यांदा एकटीसाठी स्वयंपाक करायला उभी राहिली, आणि तिला कळेना की एका माणसाला शिजवायचं तरी किती. हाताला चाळिसाची सवय. रविवारी केलेला पास्ता बुधवारपर्यंत पुरे. बुधवारी तो खाताना तिला इतकं एकटं वाटे, की ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. समोरची रिकामी खुर्ची निदान दिसत तरी नसे.

घर फिरलं की वासेही फिरतात. गेल्या उन्हाळ्यात दोनच मंडळं आली. यंदाच्या वसंतात फादर येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत यायचं त्यांना धाडस होईना.

"कोन्सिलिया, मठातल्या वरच्यांचं पत्र आलंय. या उन्हाळ्यात घर भरलं नाही तर शहरातल्या हॉटेलवाल्याला देणार."

"मग भरा."

"मी कसं भरू?"

"प्रार्थना करा. तुमचा धंदाच आहे तो."

फादर तसे भले, पण उंटावरून शेळ्या हाकणारे. ते म्हणाले, "लोक आता जेवणासकट जागा मागत नाहीत हो. परवडत नाही त्यांना. स्वतःचे स्वयंपाकी आणतात, स्वतः रांधतात. नुसतं घर आणि स्वयंपाकघर हवं असतं. दर निम्म्याहून खाली येतो."

"माझं स्वयंपाकघर?"

फादरांनी खाली पाहिलं.

आठवड्याभरात फोन आला. उत्तरेच्या डोंगरातली, बेर्गामोकडची एक बाई, लोरेदाना. डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ, एकतीस माणसं, जूनमधले दहा दिवस. तीही "माणशी किती?" म्हणालीच. कोन्सिलियाने तोंड उघडलं. भरलेली मासळी जिभेवर आली होती. समोर फादर कपाळाला हात लावून बसले होते. मासळी तिने गिळली आणि म्हणाली, "स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात देऊ. तुमचं तुम्ही रांधा."

"खरंच? मग आम्ही नक्की येतो!" लोरेदाना आनंदाने ओरडली. एवढा आनंद कोन्सिलियाच्या फुसिल्लीने फोनवर कुणाला कधी झाला नव्हता.

घर वाचावं एवढंच तिला हवं होतं. घर राहिलं तर माणसं येतील, माणसं आली तर आपणही त्यांच्यात असू, असा साधा हिशेब तिने मनाशी मांडला होता.

मे महिना तिने चिठ्ठ्या चिकटवण्यात घालवला. तिसऱ्या चुलीवर: "बटण दाबून धरा, चिडू नका." मोठ्या पातेल्यावर: "बुडाला लागतं, सोडून जाऊ नका." मिठाच्या बरणीवर: "हे मीठ जास्त खारट, हात आखडा." कार्मिने नावाचा मासेवाला ते पाहून हसायला लागला. "मावशी, तुम्ही घर भाड्याने देताय की पोरगी सासरी पाठवताय?" तिने त्याला चमचा फेकून मारला. मग दारामागे जाऊन डोळे पुसले.

बस आली. लोरेदाना उतरली ती हातात यादी घेऊनच. अशा घरांचा रिवाज असतो, ताटं, काटे, पातेली मोजून घ्यायची, जाताना मोजून द्यायची. दोघींनी मिळून सगळं मोजलं. नीटनेटकी, हसरी बाई. तिला नावं ठेवायला जागाच नव्हती, आणि कोन्सिलियाची खरी पंचाईत तीच होती.

पहिल्या दिवशी कोन्सिलिया लसूण घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मोरी तुंबते का बघायला. तिसऱ्या दिवशी नुसतीच, ओली तुळस हातात धरून. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ती दारात उभी राही आणि कुणी म्हणेल का "बसा की, चार घास खा," याची वाट बघे. आत दोन दणकट पुरुष समुद्राकाठी जूनच्या उकाड्यात पोलेंटा, म्हणजे मक्याची जड लापशी, ढवळत होते. ताजी मासळी त्यांनी लोण्यात तळायला घेतली होती. लोण्यात! या किनाऱ्यावर मासळीला ऑलिव्ह तेलाशिवाय दुसरं काही लावत नाहीत.

लोरेदानाने तिचा हात प्रेमाने धरला. "सिन्योरा, तुम्ही आता आराम करा बघू. सारखी धावपळ करू नका. काही लागलं तर आम्ही फोन करू."

"नक्की करा."

"नक्की."

उरलेले सात दिवस कोन्सिलिया फोन शेजारी ठेवून बसली. संडासाला जातानासुद्धा तो खिशात असे. गल्लीपलीकडून जेवणघरातला गलका येई, हसणं येई, खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत. अठ्ठेचाळीस वर्षं ती या आवाजाच्या आत राहिली होती. बाहेरून तो कसा ऐकू येतो हे तिला माहीतच नव्हतं. रविवारी त्यांनी गाणी म्हटली. फोन आला नाही, कारण त्यांना खरोखरच काही लागलं नव्हतं. चिठ्ठ्या तिने इतक्या चोख लिहिल्या होत्या.

निघायच्या दिवशी लोरेदानाने सगळं मोजून परत दिलं. एक चमचा इकडचा तिकडे नव्हता. स्वयंपाकघर कोन्सिलियाने दिलं होतं त्याहून लख्ख होतं, घासायला एक वाटी उरली नव्हती.

"फादर, आमच्या ओळखीच्या दोन मंडळांना मी सांगितलंय," लोरेदाना म्हणाली. "जुलैत एक येतंय, सप्टेंबरात एक. असं घर कुठे मिळतं हो आता?" फादरांचा चेहरा उजळला. मग तिने कोन्सिलियाला मिठी मारली. "आणि सिन्योरा, तुमच्यासारखी माणसं विरळा. इतकं शांत, काही मधेमधे नाही. नंतर नंतर तर तुम्ही आहात हे आम्हाला जाणवलंसुद्धा नाही!"

कोन्सिलिया म्हणाली, "आभारी आहे."

"अजून एक सुचवते. दाराशी एक कुलूपडबी बसवा, आकडे दाबले की उघडणारी. किल्ली त्यात ठेवायची, लोक आपली आपण घेतील. तुम्हाला यायलाच नको."

"छान!" फादर म्हणाले. "कोन्सिलियाचा त्रासच वाचेल."

"नको," कोन्सिलिया म्हणाली.

एवढ्या जोरात, की बसच्या पायरीवर चढलेला माणूस थबकला.

"अहो, पण बसवाले दुपारी तीनला म्हणतात आणि येतात रात्री आठला," लोरेदाना समजावत म्हणाली. "तोवर तुम्ही इथे दारात बसून राहणार?"

"बसेन की. चूल घेतलीत, ताटं घेतलीत. द्यायलाच हवी होती, मीच दिली. तुमच्यावर राग नाही बाई." तिने किल्ली मुठीत घट्ट धरली. "पण दारात उभं राहून 'या' म्हणायला कुणीतरी लागतं. तेवढं काम माझ्याकडे राहू द्या."

लोरेदानाने हातातल्या यादीची घडी घातली. तिने हळूच विचारलं, "आणि आल्यावर मग?"

"मग काय, किल्ली देईन," कोन्सिलिया म्हणाली, "आणि घरी जाईन."